रडारचे हजार कोटी आणि खोडदचे तीस कान

नारायणगावहून खोडदकडे निघालं की शेतांच्या वर मान काढून उभ्या असलेल्या त्या जाळीदार तबकड्या जुन्नर-आंबेगावात कुणाला नवीन नाहीत. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे आपली जीएमआरटी. ही दुर्बीण ज्या शास्त्राची आहे, त्या शास्त्राची नाळ थेट दुसऱ्या महायुद्धात पुरलेली आहे. ते युद्ध अमेरिकेने ज्या आकड्यांत लढलं, ते आकडे एकदा आपल्या मापात उतरवून बघायलाच हवेत.

आधी माणसं. 1 कोटी 60 लाख अमेरिकनांनी त्या युद्धात गणवेश चढवला. अख्ख्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 94 लाख होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळा पुणे जिल्हा उठवला आणि वर आणखी 66 लाख माणसं आणली, तेव्हा कुठे ती फौज भरते! त्यातले 4 लाखांहून जास्त परत आले नाहीत.

आता विमानं. डेट्रॉइटजवळच्या विलो रनला फोर्डचा एकच कारखाना होता आणि त्यात बी-24 या एकाच जातीची बॉम्बफेकी विमानं जोडली जात. ऐन भरात दर 63 मिनिटांना एक विमान बाहेर पडे. नारायणगावच्या स्टँडवरून सुटलेली एसटी पुण्याला पोचेपर्यंत दोन विमानं तयार! अशी एकूण 8,685 झाली. एकेकाच्या पंखांचा पसारा साडेतेहतीस मीटर. पंखाला पंख लावून ती उभी करा: मुंबईहून रांग निघेल, पुण्याला पोचेल, तिथून वळेल आणि परत मुंबईच्या वेशीवर येईल. आणि हे एका कारखान्याचं झालं. अमेरिकेने त्या युद्धात सगळी मिळून बांधलेली विमानं जवळजवळ 3 लाख होती.

जहाजं? लिबर्टी जातीची मालवाहू जहाजं 2,710. एका जहाजात आपल्या कोळशाच्या अडीच मालगाड्यांचा माल मावे. म्हणजे सगळ्या जहाजांच्या पोटात पावणेसात हजार मालगाड्या! त्या गाड्या मुंबई-पुणे लोहमार्गावर एकामागे एक लावायला गेलात, तर तो मार्ग 23 वेळा भरेल. यातलं एक जहाज, ‘रॉबर्ट ई. पिअरी’, कामगारांनी 4 दिवस साडेपंधरा तासांत उभं केलं. आपल्याकडे एवढ्या वेळात लग्नाचा मांडव पडतो आणि निघतो.

चांदीचा आकडा मात्र मला सगळ्यांत जास्त थक्क करतो. अणुबाँबसाठी युरेनियम वेगळं काढायला ओक रिज इथे प्रचंड लोहचुंबक हवे होते, आणि तारेसाठी तांबं कमी पडत होतं. मग सरकारी खजिन्यातून चांदीच उसनी आणली. किती? सुमारे 13,300 टन. किलोला 1 लाख रुपये धरले तर 1 लाख 33 हजार कोटी रुपयांची चांदी, तीही वायरिंगसाठी! त्यातली शेवटची चांदी खजिन्यात परत गेली ती 1970 साली.

युद्ध संपलं, पण लष्कराचा हात देशावरून निघाला नाही. 1944च्या जीआय बिलाखाली 1956पर्यंत 78 लाख माजी सैनिकांनी सरकारी खर्चाने शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. 1947 साली अमेरिकेच्या कॉलेजांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी फौजेतून आलेले होते. रस्त्यांचंही तेच. 1919 साली लष्कराचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, त्याला चिखल तुडवत 62 दिवस लागले. त्या ताफ्यातला एक तरुण अधिकारी म्हणजे आयझेनहॉवर. तोच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, आणि 1956 साली त्याने 66,000 किलोमीटर महामार्गांच्या कायद्यावर सही केली. त्या महामार्गांच्या अधिकृत नावातच ‘संरक्षण’ हा शब्द आहे. आपला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे सुमारे 95 किलोमीटरचा. तसे जवळजवळ 700 एक्सप्रेसवे!

आणि आज? अमेरिका लष्करावर वर्षाला 80,000 कोटी डॉलरहून जास्त खर्च करते. डॉलर 83 रुपयांना धरू: 66 लाख कोटी रुपये. आपल्या केंद्र सरकारचा 2024-25चा अख्खा अर्थसंकल्प, रेल्वेपासून खतांपर्यंत सगळं धरून, सुमारे 48 लाख कोटींचा होता. त्यांचं नुसतं लष्कर सेकंदाला 21 लाख रुपये घेतं. हे वाक्य वाचेपर्यंत कोटभर तरी गेले.

आता खोडदचा धागा. युद्धात अणुबाँबवर 200 कोटी डॉलर खर्च झाले हे पुष्कळांना ठाऊक असतं. रडारवर त्याहून जास्त गेले, सुमारे 300 कोटी डॉलर. तेव्हाच्या भावाने आपले हजार कोटी रुपये, आणि तेही 1945चे! एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत ऐन भरात 4,000च्या आसपास माणसं रडारवर राबत होती. त्यांतला एक भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल. शांतता झाल्यावर तो हार्वर्डला परतला. तिथे त्याने आणि त्याचा विद्यार्थी हॅरॉल्ड एवेन याने 1951च्या मार्चमध्ये अवकाशातल्या हायड्रोजनचा 21 सेंटिमीटरचा रेडिओ संदेश पहिल्यांदा पकडला. शत्रूचं विमान हुडकायला शिकलेले हात विश्वाचा सर्वांत साधा अणू हुडकत होते.

तिकडे सिडनीची रेडिओफिजिक्स लॅबोरेटरीही 1939 साली रडारसाठीच निघालेली. 1953 साली तिथे, पुढे जीएमआरटी उभारणारे गोविंद स्वरूप दाखल झाले. सिडनीतल्याच पॉट्स हिलच्या 32 छोट्या तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला दिल्या. स्वरूप यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली, 1963 साली ते होमी भाभांच्या बोलावण्यावरून मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले, आणि त्याच 32 तबकड्या 1965 साली कल्याणजवळ उभ्या राहिल्या. एकेक जेमतेम 6 फुटांची. त्यानंतर 1970 साली उटीची 530 मीटर लांबीची दुर्बीण झाली. मग त्यांनी आपल्या खोऱ्याकडे नजर वळवली, कारण इथे सह्याद्रीच्या डोंगरांनी शहरांचा रेडिओ गोंगाट अडवलेला.

खोडदची एकेक तबकडी सहा फुटांवरून थेट 45 मीटर! विहिरीच्या मापात सांगतो. दहा मीटर व्यासाची मोठी बागायती विहीर घ्या. अशा वीस विहिरींची तोंडं एका तबकडीत बसतात. तबकड्या तीस, म्हणजे सहाशे विहिरी. एकरात म्हणाल तर पावणेबारा एकर जाळी, आणि तिची तार अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जाड. चौदा तबकड्या मध्यभागी, सोळा तीन दिशांना पांगलेल्या, दोन टोकांत 25 किलोमीटरपर्यंत अंतर, आणि सगळ्या मिळून एकच दुर्बीण. अमेरिकी लष्कराचे जीपीएस उपग्रह इथेही दोन्ही अंगांनी पोचलेत. ते 20,200 किलोमीटरवरून, म्हणजे मुंबई-पुणे-मुंबई अशा 67 फेऱ्यांच्या उंचीवरून वेळ पाठवतात, तिच्याशी दुर्बिणीची घड्याळं जुळवता येतात, आणि त्यांचीच कुजबुज दुर्बिणीच्या वरच्या पट्ट्यात गोंगाट होऊन घुसते.

या गोंगाटातून खोडदने काय ऐकलं बघा. पर्सेलचाच तो हायड्रोजनचा संदेश, पण 880 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतून आलेला! ही बातमी 2023च्या जानेवारीतली. रेडिओ लहर सेकंदाला मुंबई-पुणे हजार वेळा जाऊन येते. त्या वेगाने, एक सेकंद न थांबता, 880 कोटी वर्षं. संदेश निघाला तेव्हा पृथ्वीच नव्हती. तो निम्म्या वाटेवर आला तेव्हा पृथ्वी तयार होत होती. उरलेल्या वाटेत सह्याद्री झाला, माणूस झाला, नारायणगाव वसलं.

आणि असे संदेश पोचतात ते किती क्षीण होऊन! शास्त्रज्ञांच्या भाषेत एक मिलिजान्स्की तेजाचा एखादा स्रोत घ्या, हायड्रोजनचा तो संदेश तर त्याहूनही मंद. पावणेबारा एकर जाळी त्याच्याकडे वळवा, 400 मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा उघडा, आणि पडेल ती ऊर्जा थेंबभरही न सांडता साठवत बसा. एवढ्या ऊर्जेने ज्वारीचा एक दाणा एक सेंटिमीटर वर उचलायचाय, बाकी काही नाही. किती वेळ लागेल? जवळजवळ 485 वर्षं! 1630 साली शिवनेरीवर शिवराय जन्मले त्या दिवशी साठवायला सुरुवात केली असती, तरी तो दाणा सेंटिमीटरभर वर यायला आजपासून अजून 90 वर्षं लागली असती.