मनोरुग्णांची तातडीची सेवा : परिचारिका आणि डॉक्टर काय सांगतात?

छातीत कळ आली की शेजारीपाजारी धावून येतात व रुग्णाला तातडीने इस्पितळात नेले जाते. परंतु घरातील कुणी असंबद्ध बोलू लागले, आक्रमक झाले वा जिवाचे बरेवाईट करू पाहू लागले, तर आपण दारे-खिडक्या लावून घेतो. वास्तविक हीदेखील तितकीच तातडीची वैद्यकीय अवस्था आहे.

इस्पितळांत सेवा करणाऱ्या धर्मभगिनी, परिचारिका व डॉक्टर यांच्याशी बोलताना काही गोष्टी आमच्या कानी वारंवार येतात. एकदा ‘मनोरुग्ण’ असा शिक्का बसला की शरीराची तपासणी वरवर होते, ही पहिली तक्रार. रक्तातील साखर उतरणे, मेंदूज्वर, डोक्याला मार, दारू एकाएकी सुटणे, यांमुळेही माणूस बरळतो. दुसरी अडचण जागेची. कॅज्युअल्टीतील गोंगाट व गर्दी यांनी घाबरलेला रुग्ण अधिकच बिथरतो. तिसरी मनुष्यबळाची. रात्री मानसोपचारतज्ज्ञ सहसा नसतात, शांत शब्दांनी रुग्णाला आवरण्याचे शिक्षण अनेकांना मिळालेले नसते, आणि मग त्याला बांधण्याची घाई होते. परंतु त्यांना सर्वाधिक बोचते ती चौथी गोष्ट : विष घेतलेल्या व्यक्तीचे पोट धुतले जाते, प्राण वाचतात, पण तिच्या मनात काय चालले आहे, हे न विचारताच तिला घरी पाठवले जाते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजारासाठीची तातडीची सेवा शारीरिक आजाराच्या सेवेइतकीच दर्जेदार असावी, असे तो सांगतो. तज्ज्ञ नसले तरी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जीव वाचविण्यासाठी, सर्वसाधारणपणे ७२ तासांपर्यंत, तातडीचे उपचार करू शकतो. रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे कायदा गृहीत धरतो. म्हणून पोलिसांच्या भयाने कुणाला घरात लपवून ठेवू नये.

सोळाव्या शतकात स्पेनमधील ग्रॅनाडा येथे देवाचे संत योहान यांना वेडा समजून इस्पितळात डांबण्यात आले व चाबकाचे फटके देण्यात आले. सुटकेनंतर त्यांनी त्याच शहरात रुग्णसेवा आरंभिली. आज ख्रिस्तसभा त्यांना इस्पितळांचे, रुग्णांचे व परिचारिकांचे आश्रयदाते मानते. ज्याने हेळसांड सोसली, त्यानेच सेवेचा आदर्श घालून दिला.

धर्मग्रामवासीयांनी काय करावे? अशा प्रसंगी रुग्णाला एकटे सोडू नये; कीटकनाशके, औषधे व धारदार वस्तू दूर ठेवाव्यात. सौम्यपणे बोलावे, वाद घालू नये. चालू औषधांची चिठ्ठी सोबत घेऊन जवळचे इस्पितळ गाठावे. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. घरी परतताना पुढील तपासणीची तारीख आवर्जून मागून घ्यावी. प्रार्थना अवश्य करावी, धर्मगुरूंना बोलवावे. परंतु आशीर्वादासाठी औषध थांबवू नये.

इस्पितळातील त्रुटी शासनाने व व्यवस्थापनाने दूर करायच्या आहेत. घराचे बंद दार उघडणे मात्र आपल्या हाती आहे. हृदयविकाराच्या रुग्णाची विचारपूस करायला आपण जातो, तसेच या घरीही जाऊया.