मृत्यूचा दाखला (भारत)

मृत्यूचा दाखला हा व्यक्तीच्या मृत्यूची तारीख व ठिकाण सिद्ध करणारा शासकीय दस्तऐवज आहे. भारतात तो जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये दिला जातो. मृत्यू जेथे घडला, तेथील निबंधकास २१ दिवसांत माहिती द्यावी लागते. घरातील मृत्यूबाबत ही जबाबदारी कुटुंबप्रमुखावर, तर रुग्णालयातील मृत्यूबाबत प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर असते. स्मशानभूमी व दफनभूमीच्या व्यवस्थापकांनीही निबंधकास कळवणे बंधनकारक आहे. मात्र दहनाची वा दफनाची पावती दाखल्याची जागा घेत नाही. एक वर्षाहून अधिक विलंब झाल्यास दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि तोवर वारसा, निवृत्तिवेतन व विम्याचे दावे अडून राहतात. नोंदवहीत मृत्यूचे कारणही लिहिले जाते. परंतु कलम १७ नुसार ते दाखल्यावर उघड करता येत नाही.