नव्या पिकअपचा आवाज : आधी ताल, मग पार्ट

लेखमाला : चाकांवरचा धंदा – लेखांक 6

भिवंडीत गाडीचा आवाज ऐकायचा, तर आधी शांत जागा शोधावी लागते. यंत्रमागांच्या गल्लीत दिवसरात्र खडखडाट, जुन्या आग्रा रोडवर हॉर्न आणि अंजूरफाट्याच्या कोंडीत शेजारच्या ट्रेलरचं इंजिनसुद्धा आपलंच वाटतं. म्हणून नवी पिकअप घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यातली एक पहाट या कामाला काढावी. काल्हेर, दापोडा, सोनाळे, जिथे ओळख असेल त्या गोदामाचं मोकळं आवार गाठावं. काचा खाली, रेडिओ बंद आणि हौदा रिकामा.

हौदा रिकामा हवाच. कारण इंजिनातला म्हणून दाखवायला आणलेला आवाज पुष्कळदा फाळक्याच्या सैल साखळीचा, स्टेपनीच्या क्लॅम्पचा किंवा सीटमागे टाकलेल्या जॅकचा निघतो. संशयाची वस्तू दोरीने आवळून पुन्हा एक फेरी मारावी. आवाज थांबला, तर विषय संपला.

नाही थांबला, तर ‘कुठला पार्ट गेला?’ हा प्रश्न लगेच विचारू नये. आवाज कशाच्या तालावर येतो, इंजिनाच्या की चाकांच्या, हे आधी ठरवावं. त्यासाठी ना स्कॅनर लागतो ना पाना. ताशी 40 किलोमीटर वेग धरून गाडी तिसऱ्या गियरमध्ये चालवायची, मग त्याच वेगाला चौथ्यात टाकायची. चाकं तेवढीच फिरतात, इंजिन मात्र संथ होतं. त्याबरोबर आवाजही संथ झाला, तर शोध बॉनेटखाली: पट्टा, पंखा, अल्टरनेटर, इंजिनाचं माउंटिंग. जसाच्या तसा राहिला, तर तो चाकं, एक्सल किंवा प्रोपेलर शाफ्टकडचा.

इथे थोडं गणित करायला हरकत नाही. साधारण 70 सेंटिमीटर व्यासाचं चाक एका फेरीत 2.2 मीटर अंतर कापतं. म्हणजे ताशी 60 किलोमीटरला सेकंदाला साडेसात फेऱ्या. डिफरन्शियलचं गुणोत्तर 4.5 धरलं, तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे 34 फेऱ्या मारतो. वेग कमी करत आणल्यावर ‘थप थप’ असे ठोके वेगळे मोजता आले, तर टायरला आलेला फुगवटा किंवा वाकडी रिम तपासावी. ठोके न मोजता येता पायाखालच्या पत्र्यातून सलग थरथर येत असेल, तर शाफ्टचा बॅलन्स, क्रॉस आणि सेंटर बेअरिंग.

सलग घोंगावण्याने मात्र भलेभले फसतात. टायर आणि व्हील बेअरिंग दोन्ही एकाच सुरात घोंगावतात. अशा वेळी रस्त्यालाच परीक्षक करावं. काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर सूर बदलला, तर टायर. बदलला नाही, तर बेअरिंगचा संशय. पुढे लांब वळणावर लक्ष द्यावं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो; तेव्हा आवाज वाढला, तर बहुधा उजवं बेअरिंग. आणि ऍक्सिलरेटर दाबल्यावर मागून कण्हणं, सोडल्यावर गप्प बसणं ही डिफरन्शियलची लक्षणं.

क्लचची परीक्षा उभ्या गाडीत होते. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग. आधीपासूनचा आवाज दाबल्यावर थांबला, तर गियरबॉक्सचं इनपुट बेअरिंग.

पाट्यांची किरकिर जवळजवळ प्रत्येक पिकअपमध्ये असते. पाटे माल पेलण्यासाठी बनवलेले. गाडी रिकामी असली की वाडा रोडच्या खड्ड्यांत ते जास्तच कुरकुरतात. त्यावर जळकं ऑइल मारण्याचा नाक्यावरचा सल्ला ऐकू नये. तेलाने रबरी बुश फुगतात, आणि आज गप्प बसलेला पाटा उद्या ठोके देऊ लागतो.

काही आवाज दोष नसतातच. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला. साठलेली काजळी तो तापून जाळतो. त्या वेळी आयडलिंग वाढू शकतं, आणि गाडी बंद केल्यावर गार होणारा पत्रा टिकटिकत राहतो. मानकोलीच्या रांगेत रांगणाऱ्या गाडीला फिल्टर पुरेसा तापायला सवड मिळत नाही, म्हणून ही सफाई पुन्हा पुन्हा सुरू होते. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, मग साफ.

पण ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज कायम राहिला, चाकातून ‘टक टक’ येऊ लागली किंवा ऑइलचा दिवा लागून इंजिन ठोकायला लागलं, तर गाडी तिथेच बाजूला घ्यावी. चाकाचे नट आधी पाहावेत. माल उशिरा पोहोचला तर चालेल.

फ्रान्समध्ये 1816 साली रने लॅनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले. पुढे त्यातून स्टेथोस्कोप आला. गॅरेजमधला मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाशी धरतो, तेव्हा तोच उपाय करत असतो. मालकाने चालू इंजिनावर ही नक्कल करू नये. पट्टा आणि पंखा बाही ओढतात.

सर्व्हिस सेंटरमध्ये ‘आवाज येतो’ एवढंच सांगून किल्ली दिली, तर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परतावं लागतं. जॉब कार्डवर वेग, गियर, गाडी भरलेली की रिकामी, वळण कुठलं, हे सगळं लिहून घ्यावं, टेस्ट ड्राइव्हला स्वतः बसावं आणि जॉब कार्डची प्रत मागावी. दुरुस्ती टळतच राहिली, तर ती प्रतच कामाला येते. धंद्याची गाडी म्हणजे ग्राहक कायदा लागू नाही, असं नाक्यावर सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा मालक 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच ठरतो. भिवंडीत राहणाऱ्याला ठाण्याच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची.