ऐकू न येणारी हाक

भाताची कापणी आटोपली, की पालघर-बोईसर परिसरात शेतांच्या बांधांवरील उंदरांची बिळे नजरेस पडू लागतात. बिळातल्या गवताच्या घरट्यात कधी इवलीशी, गुलाबी पिले असतात. त्यांच्या अंगावर केस नसतात. डोळे व कान मिटलेले असतात. एखादे पिलू घरट्याबाहेर पडले, तर ते लवकरच गारठते. पाहणाऱ्याला ते मुकाट पडलेले दिसते. तरीही आई त्याला शोधून काढते आणि तोंडात अलगद धरून घरट्यात नेते.

आईला त्याचा ठावठिकाणा कसा लागतो? वासाची मदत होतेच. पण पिलू मुके नसते. मनुष्याला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. घरात आढळणाऱ्या लहान उंदराच्या पिलाची हाक बहुधा ५०,००० हून अधिक कंपनांची असते. अशा ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. झिप्पेलियस व श्लाइट या शास्त्रज्ञांनी १९५६ साली पिलांच्या या हाकांचा शोध प्रसिद्ध केला. पुढे असेही दिसून आले, की ध्वनिक्षेपकातून तशीच हाक ऐकवली तरी आई त्या दिशेने धावते. नवजात पिलाला मात्र आपली हाक स्वतःलाच ऐकू येत नाही!

ही हाक टिपण्यासाठी विशेष ध्वनिग्राहक वापरतात. नोंदवलेला ध्वनी दहापट सावकाश वाजवला, की ६०,००० कंपनांची ६,००० होतात आणि हाक मनुष्याला ऐकू येते. संगणक तिचा आलेखही काढतो. त्यात कोणती हाक चढत्या रेघेसारखी, कोणती उतरत्या, कोणती टेकडीसारखी, तर कोणती तुटक दिसते. या आकारांवरून हाकांचे वर्ग पाडतात.

हा खटाटोप कशासाठी? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. कोणतेही नवे औषध कारखान्यात तयार होण्यापूर्वी त्याची कसून पारख व्हावी लागते. भीती व अस्वस्थता शमवणाऱ्या काही औषधांनी एकट्या पडलेल्या पिलांच्या हाका कमी होतात, असे प्रयोगशाळांत आढळले आहे. परंतु हाका थांबल्या म्हणजे भीती गेलीच, असे नव्हे. पिलाला गुंगीही आलेली असू शकते. म्हणून त्याची हालचाल व अंगाची ऊबही तपासावी लागते.

शांतता दिसली, तरी तिचे कारण शोधावेच लागते.