मुंबईला पेशंट नेताना उतरायचं कुठं?

आपल्या भागातून परळच्या टाटा रुग्णालयात कुणी ना कुणी जातच असतो. गट ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "साहेब, उतरायचं कुठं?"

माझंच सांगतो. वडिलांना नेलं तेव्हा पाव्हणे डोंबिवलीला, म्हणून तिथं उतरलो. पाव्हण्यांनी काही कमी केलं नाही. पण सकाळच्या लोकलच्या गर्दीत आजारी माणूस चढवायचा कसा? दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "मला गावाकडं ने." तपासणी अर्धीच राहिली असती! तिसऱ्या दिवशी दादरला खोली घेतली. पैसे गेले, पण उपचार पुरा झाला.

तेव्हा पाव्हण्यांचं गाव बघण्याआधी हातातला कागद बघा. टाटाचं दुसरं केंद्र खारघरला आहे. तिथली तारीख असेल तर मुंबईत शिरूच नका. पुण्याकडून येणाऱ्याला खारघर वाटेतच, पनवेलच्या पुढं लागतं. तारीख परळची असेल तर दादर किंवा परळच बरं. महालक्ष्मी एक्स्प्रेस दादरला थांबते, तिथून टॅक्सीनं दवाखाना जवळ.

दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटसाठी आहे. मात्र जागा मिळेलच असं धरून जाऊ नये. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात केसपेपर दाखवून आधी विचारावं; बाकीच्या धर्मशाळांची माहितीही तिथंच मिळते. पावसाळ्यात हिंदमाताजवळ पाणी तुंबतं, तेव्हा खोली ठरवताना दवाखान्यापर्यंतचा रस्ताही विचारून घ्या.