सुरतची कासवं मोजायची कशी?

सुरत परिसरातल्या तळ्या-कालव्यांत आढळणारं मऊ पाठीचं कासव मागचे पाय कातडी झडपांखाली लपवून चिखलात दडतं. नुसत्या नजरेनं त्याची शिरगणती होत नाही. म्हणून पकडा, खूण करा, सोडा, पुन्हा पकडा. समजा, ३० कासवांवर खूण केली. पुढच्या खेपेला ४० सापडली, त्यांत १० खुणेची. म्हणजे दर चारांत एक खुणेचं, तर एकूण अंदाजे १२०. जाळ्यात एकदा फसलेली कासवं शहाणी होऊन जाळं टाळू लागली, तर मात्र हा आकडा उगाच फुगतो! खुणेसाठी टणक कवचाच्या कडेला खाच पाडतात. मऊ पाठीवाल्यांना कातडीखाली तांदळाएवढी ओळख पटवणारी चिप टोचणं बरं. वनखात्याच्या परवानगीशिवाय मोजणीसाठीही कासव पकडता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.