यू-गी-ओ! खेळातील बचावात्मक कार्डांची निवड

यू-गी-ओ! हा जपानमधील कोनामी या कंपनीने १९९९ साली बाजारात आणलेला दोन खेळाडूंचा ट्रेडिंग कार्ड खेळ आहे. तो काझुकी ताकाहाशी यांच्या १९९६ मध्ये सुरू झालेल्या याच नावाच्या मांगा मालिकेवर आधारित आहे. प्रत्येक खेळाडू स्वतः रचलेला ४० ते ६० कार्डांचा डेक वापरतो व त्यात एकाच नावाच्या कार्डाच्या तीनपेक्षा अधिक प्रती ठेवता येत नाहीत. दोघांकडे सुरुवातीस प्रत्येकी ८००० जीवनगुण असतात. ज्याचे जीवनगुण शून्यावर येतात तो हरतो.

प्रतिस्पर्ध्याचा हल्ला परतवणारी अनेक कार्डे या खेळात आहेत आणि त्यांपैकी पुष्कळशी वरवर पाहता एकाच कामाची वाटतात. डेकमधील जागा मात्र मोजक्या असतात. म्हणून सारख्या दिसणाऱ्या कार्डांतून नेमके कोणते घ्यावे, हा डेकरचनेतील एक मूलभूत प्रश्न ठरतो.

एकच हल्ला, पाच उत्तरे

मिरर फोर्स, साकुरेत्सु आर्मर, मॅजिक सिलिंडर आणि निगेट अटॅक ही चारही ट्रॅप कार्डे प्रतिस्पर्ध्याच्या मॉन्स्टरने हल्ला घोषित केल्यावर वापरली जातात. मिरर फोर्स प्रतिस्पर्ध्याचे आक्रमक स्थितीतील सर्व मॉन्स्टर नष्ट करते, तर साकुरेत्सु आर्मर फक्त हल्ला करणारा मॉन्स्टर नष्ट करते. मॅजिक सिलिंडर तो हल्ला रद्द करून मॉन्स्टरच्या आक्रमणशक्तीइतके नुकसान प्रतिस्पर्ध्याला पोहोचवते. निगेट अटॅक हल्ला रद्द करून युद्धाचा टप्पाच संपवते.

यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट होतो. बचाव करणाऱ्या खेळाडूकडे ३००० जीवनगुण उरले आहेत व त्याच्या बाजूला एकही मॉन्स्टर नाही. समोर १९००, १७०० आणि १५०० आक्रमणशक्तीचे तीन मॉन्स्टर आहेत. १९०० च्या मॉन्स्टरवर साकुरेत्सु आर्मर वापरले, तरी उरलेले दोघे मिळून ३२०० चे नुकसान करतात आणि डाव संपतो. मॅजिक सिलिंडरनेही तेच होते. प्रतिस्पर्ध्याचे १९०० गुण कमी झाल्याचे समाधान तेवढे मिळते. अनुभवी प्रतिस्पर्धी तर पहिला हल्ला १५०० च्या मॉन्स्टरनेच करतो, कारण ट्रॅप असलाच तर तो सर्वांत दुबळ्यावर खर्ची पडावा. निगेट अटॅकने खेळाडू तगतो, पण तिन्ही मॉन्स्टर पुढच्या पाळीसाठी जागेवरच राहतात. मिरर फोर्सने मैदान मोकळे होते. त्या पाळीत लढाईचे नुकसान होऊ न देणारे वाबोकू वापरल्यास खेळाडू वाचतो, मात्र प्रतिस्पर्ध्याचे काहीही बिघडत नाही.

एवढ्यावरून मिरर फोर्स सर्वश्रेष्ठ ठरवणे घाईचे होईल. प्रतिस्पर्ध्याकडे २५०० गुण उरले असतील आणि त्याने ३००० शक्तीच्या एकमेव मॉन्स्टरने हल्ला केला, तर मिरर फोर्स एक मॉन्स्टर नष्ट करते, तर मॅजिक सिलिंडर सामनाच जिंकून देते.

वापराची वेळ

नवशिक्या खेळाडूंकडून सर्वाधिक दुर्लक्षित होणारी बाब म्हणजे कार्ड कधी वापरता येते. ट्रॅप कार्ड सामान्यतः आधी उपडे ठेवावे लागते व ठेवले त्याच पाळीत ते वापरता येत नाही. उपडे ठेवलेले मिरर फोर्स प्रतिस्पर्ध्याने मिस्टिकल स्पेस टायफूनने उडवले, तर हल्ला अद्याप घोषित झालेला नसल्याने ते वाया जाते. वाबोकूला हल्ल्याची वाट पाहावी लागत नाही. टायफूनला प्रत्युत्तर म्हणून ते लगेच उलटता येते आणि त्या पाळीतले हल्ले निष्फळ होतात. हल्ल्याची घोषणाच करू न देणारे थ्रेटनिंग रोअर याच जातीचे. अर्थात मुरलेला खेळाडू आपले टायफून अगोदरच उपडे ठेवतो आणि ट्रॅप मांडला गेला त्याच पाळीच्या अखेरीस ते चालवतो. तेव्हा वाबोकूही हतबल असते.

परिणामाचे स्वरूप

‘नष्ट करणे’ आणि ‘खेळाबाहेर काढणे’ या दोन क्रिया खेळाच्या नियमांत वेगळ्या आहेत. स्टारडस्ट ड्रॅगन स्वतःचा त्याग करून कार्डे नष्ट करणारा परिणाम रद्द करू शकतो. त्यामुळे त्याच्यापुढे मिरर फोर्स फसते. डायमेन्शनल प्रिझन हल्ला करणाऱ्या मॉन्स्टरला खेळाबाहेर काढते. त्यात काहीच नष्ट होत नसल्याने ड्रॅगनला ते रोखता येत नाही. मात्र डायमेन्शनल प्रिझनला लक्ष्य निवडावे लागते, म्हणून ज्यांना लक्ष्य करता येत नाही असे मॉन्स्टर त्यातून सुटतात. स्टॉर्मिंग मिरर फोर्स लक्ष्यही निवडत नाही व नष्टही करत नाही. ते आक्रमक स्थितीतील सर्व मॉन्स्टर हातात परत पाठवते. पण हातात गेलेला मॉन्स्टर पुन्हा मैदानात उतरतो आणि उतरताना घडणारा त्याचा परिणाम प्रतिस्पर्ध्याला पुन्हा मिळतो.

डेकचा हेतूही पाहावा लागतो. एक्झोडियाचे पाच भाग हातात जमवून जिंकू पाहणाऱ्या डेकला समोरचे मॉन्स्टर जिवंत आहेत की नाहीत याच्याशी फारसे देणेघेणे नसते. त्याला केवळ पाळ्या हव्या असतात. तेथे वाबोकू मिरर फोर्सपेक्षा सरस ठरते.

प्रतींची संख्या

४० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या तीन प्रती असल्यास सुरुवातीच्या पाच कार्डांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता सुमारे ३३.८ टक्के असते. एकच प्रत असल्यास ती १२.५ टक्क्यांवर येते. मिरर फोर्स अनेक वर्षे मर्यादित यादीत होते व त्याची एकच प्रत वापरता येई. अशा वेळी दुय्यम वाटणारे सारखे कार्ड शोधणे अपरिहार्य होते. समान कामाची सहा कार्डे ठेवल्यास ही शक्यता सुमारे ५७.७ टक्क्यांपर्यंत जाते, परंतु हात केवळ बचावाच्या कार्डांनी भरून स्वतःचा डाव अडण्याचा धोकाही तितकाच वाढतो.

हातातून वापरायची कार्डे

अलीकडच्या खेळात हल्ला होण्यापूर्वीच डावाचे पारडे झुकलेले असते, त्यामुळे मॉन्स्टरचे परिणाम थेट हातातून रोखणाऱ्या कार्डांना महत्त्व आले आहे. इफेक्ट व्हेलर आणि इन्फिनिट इम्पर्मनन्स ही दोन्ही प्रतिस्पर्ध्याच्या एका मॉन्स्टरचे परिणाम पाळी संपेपर्यंत रद्द करतात. व्हेलर केवळ प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य टप्प्यात चालते, पण स्वतःच्या मैदानावर कार्डे असली तरी चालते. इम्पर्मनन्स हातातून वापरायचे तर स्वतःचे मैदान पूर्ण रिकामे असावे लागते. ही अट पाळली तर ते स्वतःच्या पाळीतही उपयोगी पडते. प्रतिस्पर्ध्याने कॉल्ड बाय द ग्रेव्ह वापरल्यास व्हेलर निष्प्रभ होते, कारण ते मॉन्स्टर कार्ड असून वापरताच स्मशानात जाते. इम्पर्मनन्स ट्रॅप असल्याने त्याला ही भीती नसते. दुसरी पाळी घेणारे खेळाडू म्हणूनच बहुधा इम्पर्मनन्स आधी निवडतात, आणि जागा उरल्यास व्हेलर जोडतात.